इंजिन नव्याने बांधल्यावर जिप्सीचे कूलंट कमी होते आहे, पण गळती दिसत नाही

नीरेकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची मारुती जिप्सी आहे. तिला १२९८ सीसीचे, कार्बोरेटरवर चालणारे जी१३बीए इंजिन आहे. इंजिन तेल खाऊ लागले होते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ते गाडीतून उतरवून पूर्ण नव्याने बांधून घेतले. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ०.५० मिलिमीटरने वाढवून नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, बेअरिंगे, ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलला, हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) फेसिंग करून, म्हणजे चेहरा सपाट करून, नवे हेड गास्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर) टाकले. त्यानंतर गाडी सुमारे ९०० किलोमीटर चालली आहे.

अडचण अशी आहे की, दर शंभर किलोमीटरला अडीचशे ते तीनशे मिलिलिटर कूलंट कमी होते. गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवला, तर त्यावर एक थेंबही पडत नाही. होजच्या जोडांवर, रेडिएटरच्या खालच्या टाकीवर किंवा वॉटर पंपाच्या बारीक छिद्राखाली ओल नाही. हीटर वापरताना काचेवर चिकट वाफ येत नाही आणि पायाखालची मॅटही कोरडी आहे, म्हणजे हीटरचा कॉइलही गळत नसावा. ऑइलच्या काठीवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी साय नाही. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, किंबहुना थोडा खालीच असतो.

आणखी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलो आणि खाली सपाटीला पुन्हा ॲक्सिलरेटर दिला, की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा मोठा लोट निघतो आणि पाव-अर्ध्या मिनिटात थांबतो. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाही इंजिन क्षणभर एका सिलिंडरवर अडखळते. ज्यांनी इंजिन बांधले त्यांचे म्हणणे असे की हेड गास्केट नीट बसलेले नाही, हेड पुन्हा उघडावे लागेल. नुकतेच बंद केलेले इंजिन पुन्हा उघडण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे. ती कशी करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

घाटमाथा

माझ्याकडे याच इंजिनाची जिप्सी बारा वर्षे होती. नव्या गास्केटवर हेडचे बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर किंचित सैलावतात, असा माझा अनुभव आहे. इंजिन पूर्ण थंड असताना बोल्ट मॅन्युअलमधील क्रमाने आणि टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) पुन्हा तपासून पाहावेत. तेवढ्याने न थांबल्यास रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड टाकण्याचा पर्याय आहे. पूर्वी ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकत, आणि घरापर्यंत पोहोचण्यापुरता तिचा उपयोग होतही असे.

जुना तंत्रज्ञ

मी तीस वर्षे इंजिन दुरुस्तीचे काम केले आहे. सर्वांत आधी एक विनंती : हळद, पूड किंवा गळती बुजवणारे कोणतेही द्रव्य यात टाकू नका. अशी पूड जिथे अरुंद वाट सापडते तिथे बसते, आणि सर्वांत अरुंद वाटा गळतीच्या जागी नसून रेडिएटरच्या व हीटरच्या नळ्यांत असतात. आडरानात गाडी अडली असती तर गोष्ट वेगळी होती. येथे इंजिन नवे आहे, रेडिएटर साफ आहे आणि आपल्याकडे शोध घ्यायला वेळ आहे. हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्याबद्दल सांगायचे, तर गास्केटच्या बनावटीप्रमाणे मॅन्युअल जे सांगते तेवढेच करावे. अंदाजाने आवळल्यास ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधील आटे ओढले जातात, आणि ते नुकसान गास्केटपेक्षा कितीतरी महाग पडते.

आता आपल्या लक्षणांकडे येतो. घाट उतरल्यावर निघणारा धूर ही यातली सर्वांत मोलाची माहिती आहे. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली, की थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) बंद असते आणि पिस्टन मात्र चाकांच्या जोराने फिरत राहतात, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून हेडपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या भागात, हवेची ओढ सर्वाधिक होते. या वेळी व्हॉल्व्ह गाइडच्या झिजलेल्या सीलमधून ऑइल आत ओढले गेले, तर पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळसर धूर निघतो आणि त्याला जळक्या तेलाचा वास येतो. आपला धूर पांढरा आहे. त्याला गोडसर वास असेल, तर ती कूलंटची वाफ आहे, म्हणजे मॅनिफोल्डच्या ओढीमुळे आत येणारा पदार्थ ऑइल नसून कूलंट आहे.

हेड गास्केट सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटले, तर चित्र सहसा उलट असते. चढावर इंजिनावर भार पडला, की जळत्या वायूचा प्रचंड दाब त्या फटीतून कूलंटमध्ये घुसतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, कूलंट बाजूच्या बाटलीत ढकलले जाते, होज थोड्या वेळातच दगडासारखा टणक होतो आणि काटा वर चढतो. यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. उलट आपला त्रास उतारावर वाढतो आणि काटा शांत आहे.

या इंजिनाच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे, जी हेडवर लक्ष केंद्रित झाले की विसरली जाते. हेडमधून तापून निघालेले कूलंट इनटेक मॅनिफोल्डमध्ये येते. त्याने मॅनिफोल्ड उबदार राहतो आणि कार्बोरेटरमधून आलेले पेट्रोल नीट वायुरूप होते. थर्मोस्टॅटही मॅनिफोल्डच्याच पुढच्या टोकाला बसतो. याचा अर्थ, हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले एकच पातळ गास्केट एका भोकाभोवती कूलंट अडवते आणि शेजारच्या भोकाभोवती हवा-पेट्रोलचे मिश्रण अडवते. रेडिएटरचे झाकण सुमारे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरून ठेवते, आणि उतारावर शेजारच्या पोर्टमध्ये (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या वाटेत) निम्म्या वातावरणाहून अधिक ओढ असते. म्हणजे त्या दोन भोकांमधल्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर एका बाजूने ढकलणारा आणि दुसऱ्या बाजूने ओढणारा, असे दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. तिथे केसाएवढी फट असली, तरी कूलंट थेट पोर्टमध्ये जाते, सिलिंडरमध्ये जळते आणि सायलेन्सरमधून निघून जाते. पुठ्ठ्यावर थेंब पडणार कसा?

म्हणून माझी शंका इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटवर आहे. पण शंका म्हणजे निदान नव्हे, म्हणून पुढील तपासण्या कराव्यात.

चारही स्पार्क प्लग काढून, कोणता कुठला हे लक्षात ठेवून, शेजारी शेजारी ठेवा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असेल, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, पांढुरका दिसेल आणि बाकीचे तपकिरी दिसतील. त्याच वेळी थ्रॉटल पूर्ण उघडे धरून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजा. नव्या इंजिनात चौघांतला फरक एक किलोच्या आत असायला हवा, आणि शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम खूप कमी आकडा आला, तर मात्र हेड गास्केटकडे वळावे लागेल. नंतर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची वायू-चाचणी करा. कूलंटवरच्या हवेत जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल, तर ते द्रावण पिवळे पडते. त्यासाठी रेडिएटरमधील पातळी तीन-चार बोटे खाली घ्या, कारण द्रावणात कूलंट ओढले गेले तर चाचणी वाया जाते. इनटेक पोर्टमध्ये जळण्याचा दाब येतच नाही, त्यामुळे दोष मॅनिफोल्डमध्ये असेल तर द्रावण निळेच राहील.

खरा निर्णय मात्र दाबाच्या चाचणीने लागेल. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून ०.९ चा दाब द्या, त्याहून अधिक नको. त्याआधी ज्या सिलिंडरचा प्लग स्वच्छ निघाला आहे, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात अगदी वर आणून ठेवा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. असे रात्रभर राहू द्या आणि दाब किती उतरतो ते पाहत राहा. सकाळी त्या सिलिंडरचा प्लग काढून आत पाहा. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा हल्ली सहज मिळतो. पिस्टनच्या डोक्यावर कूलंट साचलेले दिसले, तर ते हेड गास्केटमधून किंवा हेडच्या तड्यातून आले आहे, कारण व्हॉल्व्ह बंद होते. आत कोरडे असेल, तर चारही प्लग काढलेले ठेवून क्रँकशाफ्ट पान्याने, सावकाश, एक फेरा आणि थोडा पुढे फिरवा. इनटेक व्हॉल्व्ह उघडताच आत कूलंट उतरले, तर ते त्या व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये साचून होते, हे सिद्ध झाले.

आणि हे होईपर्यंत सकाळी एकदम स्टार्टर मारू नका. या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ३२५ घनसेंटिमीटरचा आहे आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम चाळीसेक. त्याहून अधिक कूलंट रात्रीत आत उतरले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आपले इंजिन सकाळी एका सिलिंडरवर अडखळते, ही त्याची पहिली सूचना आहे.

लेथ आणि मिलिंग

वरील तपासणीशी मी पूर्ण सहमत आहे. मी मशीनशॉपमध्ये हेड आणि ब्लॉकची कामे करतो, त्यामुळे त्या बाजूने थोडी भर घालतो.

व्हॉल्व्ह उघडल्यावर कूलंट उतरले, तरी दोन शक्यता राहतात : मॅनिफोल्डचे गास्केट, किंवा हेडमधील इनटेक पोर्टच्या भिंतीला गेलेला तडा. दुसरी शक्यता कमी असते, पण इंजिन पूर्वी कधी तापून बंद पडले असेल तर ती नाकारता येत नाही. सुदैवाने मॅनिफोल्ड काढण्यासाठी हेड उघडावे लागत नाही, आणि गास्केट फुटले असेल तर त्यावर कूलंटचा माग स्पष्ट दिसतो : पाण्याच्या भोकापासून पोर्टपर्यंत हिरवट किंवा गुलाबी रेघ, किंवा धुतल्यासारखा उजळ पट्टा. असा माग नसेल, तरच हेड उतरवून दाबाखाली तपासावे.

मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याचा चेहरा जुने गास्केट न घासता आधी नीट पाहा. इंजिन नव्याने बांधताना हेडचे फेसिंग आठवणीने केले जाते, पण मॅनिफोल्ड बहुधा पेट्रोलने धुऊन तसाच परत लावला जातो. इतकी वर्षे ज्या गाड्या साध्या पाण्यावर चालल्या, त्यांच्या मॅनिफोल्डमध्ये पाण्याच्या भोकाभोवती ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन खड्डे पडलेले असतात. नवे गास्केट अशा खड्ड्यांवर पूल बांधल्यासारखे बसते आणि सुरुवातीचे काही आठवडे धरते. सरळपट्टी तिरकी, उभी आणि आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) सरकवून पाहावा. हेडच्या मुख्य चेहऱ्याला ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते, मॅनिफोल्डच्या चेहऱ्याला ०.१० ची. त्याहून जाड पाते सरकले, तर मॅनिफोल्ड मिलिंगवर चढवावा. खड्डा खोल असेल तर आधी आर्गॉन वेल्डिंगने भरून मग चेहरा काढावा. धातूचे पुटिंग भरून काम भागवणारे भेटतील. ते भर म्हणून दिसते चांगले, पण गरम कूलंट आणि पेट्रोल यांच्या मधोमध ते किती टिकेल याची हमी मी देणार नाही.

सिलिकॉनच्या नळीबद्दलही सांगतो. कागदी किंवा तंतूंच्या गास्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापले, की आवळताना ते गास्केट घसरते, आणि आत पिळून निघालेले सिलिकॉनचे गोळे तुटून थर्मोस्टॅट व रेडिएटरपर्यंत जातात. त्यातही पेट्रोलच्या संपर्कात ते फुगते. चेहरा सपाट असेल तर कोरडे गास्केट पुरते. नटे मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावीत.

एक शंका : आपण लिहिले आहे की काटा नेहमीपेक्षा थोडा खाली असतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेला तर नाही ना?

नीरेकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण सर्व तपासण्या सांगितलेल्या क्रमानेच करायच्या असे ठरवले होते.

एक नंबरचा, म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा प्लग नव्यासारखा स्वच्छ निघाला. बाकीचे तीन सारखे तपकिरी होते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत १२.५ ते १३ किलोच्या दरम्यान आले. निळे द्रावण दहा मिनिटांनंतरही निळेच राहिले. तिथेच हेड गास्केटची भीती बरीच कमी झाली, तरी दाबाची चाचणी केली. रात्री नऊला ०.९ वर ठेवलेला दाब सकाळी सहाला ०.३ वर आला होता. एक नंबरचा पिस्टन वर आणून ठेवला होता, त्याचे डोके कॅमेऱ्यात पूर्ण कोरडे दिसले. मग मुलाला टॉर्च धरायला सांगून क्रँक पान्याने सावकाश फिरवला. एक फेरा पूर्ण होऊन पिस्टन पुन्हा खाली जाऊ लागला, तेव्हा हिरवी धार सिलिंडरच्या भिंतीवरून उतरताना आम्ही दोघांनी पाहिली. सुमारे दोन चमचे कूलंट होते. इतके दिवस जे अंदाजाने बोलत होतो, ते डोळ्यांनी दिसले याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

मॅनिफोल्ड काढल्यावर गास्केटवर पाण्याच्या भोकापासून एक नंबरच्या पोर्टपर्यंत उजळ पट्टा स्पष्ट होता. गास्केटच्या दोन्ही बाजूंना करडे सिलिकॉन लावलेले होते. ते काढल्यावर मॅनिफोल्डच्या चेहऱ्यावर त्याच जागी मुगाच्या दाण्याएवढा खड्डा निघाला, आणि सरळपट्टीखालून ०.१५ चे पाते सहज गेले. हेडचा त्या बाजूचा चेहरा मात्र सपाट आहे.

आणि होय, थर्मोस्टॅट काढलेला आहे. मॅनिफोल्डच्या टोकाशी फक्त रिकामे घर होते. इंजिन थंड राहावे म्हणून काढला, असे उत्तर मला मिळाले. तो परत बसवणे आवश्यक आहे का? आणि आत गेलेल्या कूलंटने नव्या बेअरिंगांचे काही नुकसान झाले असेल का?

जुना तंत्रज्ञ

थर्मोस्टॅट नक्की बसवा. तो सुमारे ८२ अंशांना उघडतो, आणि तोपर्यंत इंजिन लवकर गरम होऊ देणे हेच त्याचे काम आहे. तो नसला की इंजिन हिवाळ्यात आणि उतारावर कधीच पुरेसे तापत नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर द्रवरूपात राहून ऑइल धुऊन काढते आणि नव्या रिंगांची झीज वाढते. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का, ते पाहा. त्याच्या पट्टीवर हवा जाण्यासाठी लहान छिद्र असल्यास ते वरच्या बाजूला ठेवा.

बेअरिंगांची काळजी योग्य आहे. काठीवर साय नाही आणि कॉम्प्रेशन चांगले आहे, त्यामुळे ऑइलमध्ये फारसे कूलंट गेले नसावे, परंतु रिंगांमधून थोडे उतरलेले असू शकते आणि कूलंटमधले ग्लायकॉल ऑइलचे वंगण बिघडवते. मॅनिफोल्डचे काम झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. इंजिन नवे असल्याने तसेही ते लवकर बदलायचेच आहे. निघालेले ऑइल पांढऱ्या भांड्यात काढून रात्रभर स्थिर ठेवले, तर तळाशी पाणी बसते का, हे दिसेल.

कूलंट भरताना बोअरवेलचे पाणी वापरू नका. आपल्याकडील बोअरवेलच्या पाण्यात चुना फार असतो, तो नळ्यांत थर धरतो, आणि क्षारांनी ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तयार मिश्रण आणा, किंवा घट्ट कूलंट घेऊन त्यात तेवढेच क्षारविरहित पाणी मिसळा. भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा, हीटरचा कॉक उघडा ठेवा, आणि वरचा होज गरम होऊन पातळी स्थिर होईपर्यंत झाकण लावू नका. काढलेले जुने कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. त्याला गोडसर चव असते आणि कुत्री ते पितात, त्यात त्यांचा जीव जातो.

घाटमाथा

मी हेडचे बोल्ट आवळण्याचा आणि पूड टाकण्याचा सल्ला घाईने दिला होता, तो येथे मागे घेतो. पूड टाकली असती तर गळती कदाचित महिनाभर थांबली असती आणि मॅनिफोल्डवरचा खड्डा कोणाला दिसलाच नसता. माझ्या जुन्या गाडीचेही कूलंट असेच कमी होत असे आणि मी त्यासाठी दोनदा हेड उघडले होते. मॅनिफोल्ड कधी तपासलाच नाही.

नीरेकाठ

शेवटचा वृत्तान्त देतो. मॅनिफोल्डचा खड्डा आर्गॉन वेल्डिंगने भरून चेहरा मिलिंगवर काढून घेतला. परत आल्यावर स्वतः सरळपट्टी लावून पाहिली, ०.०५ चे पातेही सरकले नाही. कोरडे नवे गास्केट, नवा थर्मोस्टॅट, नवे ऑइल आणि फिल्टर, आणि तयार मिश्रणाचे कूलंट. सर्व जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा रात्रभर दाब ठेवला. सकाळी काटा ०.९ च्या रेघेवरून जेमतेम हलला होता. जुने ऑइल बरणीत दोन दिवस ठेवले, तळाशी पाणी बसलेले नाही.

त्यानंतर गाडी ६०० किलोमीटर चालवली, त्यात वरंधा घाट दोनदा उतरलो, मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये. खाली पोहोचून ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे बसलेल्या मुलाने काच खाली करून पाहिले, धूर नव्हता. बाटलीवर पातळीची जी खूण पेनने केली होती, कूलंट थंड असताना आजही तिथेच आहे. तापमानाचा काटा आता पूर्वीपेक्षा थोडा वर, मधल्या रेघेच्या जरा खाली येऊन थांबतो. एक नंबरचा प्लग काल काढून पाहिला, त्यावर बाकीच्या तिघांसारखाच तपकिरी रंग धरू लागला आहे.